कानातलं

जळगावचं विमानतळ सकाळी
फैजपूरच्या स्टँडपेक्षा शांत असतं.
एकच विमान, तेही पंख्याचं,
आणि कुंपणापलीकडे केळीच्या बागा.
मी धरणगावची. मशीनच्या पडद्यासमोर बसते.
थोडा वेळ बघायचं, मग जागा बदलायची,
डोळे फसवायला लागतात म्हणून.

इथून माणसं दिसत नाहीत, पिशव्या दिसतात.
खायचं ते नारिंगी, लोखंड निळं,
ज्याच्या आरपार जाता येत नाही ते काळं.
कळण्याचं पीठ नारिंगी. भरताची वांगीही,
देठासकट, ओळखू येतात.
शेवभाजीचा मसाला दर दुसऱ्या बॅगेत.
हैदराबादला काय मसाला मिळत नाही?
असो. नारिंगी आम्ही जाऊ देतो.

लॅपटॉप बाहेर काढा, चार्जर वेगळा ठेवा,
पॉवर बँक खालच्या सामानात टाकली असेल
तर आत्ताच सांगा—
हे इतक्यांदा म्हणते
की घरी पोरगा दप्तर उचलतो
तेव्हाही तोंडातून निघतं.

त्या दिवशी कुमुदिनी काशिनाथ नारखेडे.
हातात यादी, बॉलपेननं, मोठ्या अक्षरात,
लेकानं फोनवर सांगितलेली.
एका ट्रेमध्ये टॅब, काचेवर पदर फिरवून.
दुसऱ्यात चार्जर, वायर गुंडाळून
लाल रिबिनीनं बांधलेली.
पॉवर बँकेवर नेलपॉलिशनं आडनाव.
बीपीचं मशीन.
टॉर्च, आणि टॉर्चमधले सेल रुमालाच्या गाठीत.
मागचा टायवाला मुलगा तीनदा परत गेला,
आधी घड्याळासाठी, मग लॅपटॉपसाठी,
मग खिशातल्या कशासाठी तरी.

"कानातलं काढू का?" बाईंनी विचारलं.
दारातल्या ज्योत्स्नानं कुड्या पाहिल्या.
"असू द्या मावशी, सोन्याचं चालतं."
पण तोवर बाईंनी
दोन्ही कानांतली यंत्रं काढून
यादीवरच ठेवली होती, ट्रेमध्ये.

मला दिसले राजम्याचे दोन दाणे,
पोटात सेलचा काळा ठिपका,
केसाएवढी तार.
मी ओरडले, "मावशी, ते नव्हतं काढायचं!
ते कानात चालतं, नुसतं सांगायचं!"
सगळ्या हॉलनं वळून पाहिलं.
बाईंनी नाही.

ज्योत्स्ना म्हणाली, हात पसरा. बाई हसल्या.
वळा म्हणाली. बाई हसल्या.
शेवटी ज्योत्स्नानं स्वतःचेच हात पसरले,
स्वतःच गोल फिरली,
आणि क्षणभर असं दिसलं
की नारखेडे बाईच तिची झडती घेतायत.

तेवढ्यात बेल्ट अडला.
रबराच्या झालरीत ट्रे, पडद्यावर ते दोन दाणे.
मी इथे विळे पाहिलेत, अडकित्ते पाहिलेत,
एकदा तर अख्खा मिक्सर.
कुणाचं ऐकणं असं थांबून राहिलेलं
पाहिलं नव्हतं.

ट्रे सुटला. बाईंनी यंत्रं लावली,
एक शिट्टी वाजली, चेहरा उघडला.
मी जागा बदलून बाहेर आले होते. म्हटलं,
"मावशी, ते काढायची गरज नव्हती."
"नियम तो नियम बाई. एकतीस वर्षं
टेलिफोनच्या एक्स्चेंजात काढली.
ट्रंक कॉल जोडता जोडता कान गेले.
आम्हीबी तीन मिनिटं झाली
की तोडायचो."

"मयतीचा निरोप असला तरी?"

त्यांनी टॅब पिशवीत सरकवला.
"मयतीचा असला,
तर मी घड्याळाकडं पाह्यचीच नाही."

मग वायर गुंडाळायला घेतली.
रिबिनीची गाठ बसेना. सोडली, पुन्हा बांधली.
मागं पाच-सहा ट्रे थांबलेले,
टायवाला मुलगा मनगटाकडं बघतोय,
आणि मनगटावर घड्याळ नाही, ते अजून ट्रेमध्ये.
मी बेल्टच्या बटणावरचं बोट उचललं.
"सावकाश," म्हटलं, हळूच.
बाई म्हणाल्या, "हो."